लाकडाचा गॅस धूर न करता जळतो, मग त्यातले कण जातात कुठे?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं आणि मग पाव महागणार का, भट्टीची चव जाणार का, यावर भरपूर चर्चा झाली. त्या चर्चेत, आणि दर हंगामात उसाचं पाचट पेटायला लागलं की तेव्हाही, एक सल्ला हमखास येतो, की अरे लाकूड, पाचट, तूस हे थेट जाळताय कशाला, त्याचा गॅस करा ना, गॅसिफायर नावाचं मशीन मिळतं, धूर होत नाही, विषय संपला.

विषय तिथे संपत नाही, खरं तर तिथे सुरू होतो. मी गॅसिफायरच्या बाजूचाच माणूस आहे, शेतातला कचरा जाळून टाकण्यापेक्षा त्यातून उष्णता किंवा वीज काढावी असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच या गॅसमधल्या कणांबद्दल कुणी धड बोलत नाही याचा त्रास होतो. माहितीपत्रकावर ‘स्मोकलेस’ लिहिलेलं असतं, मशीन बसतं, चार-सहा महिने चालतं, मग इंजिन अडकतं किंवा बर्नर बुजतो आणि मशीन शेडमध्ये गंजत पडतं, आणि गावात नाव होतं की हे तंत्रज्ञानच बेकार. बहुतेक वेळा भट्टी ठणठणीत असते. मार खाल्लेला असतो तो गॅस साफ करण्याच्या भागाने.

## आधी गॅसिफायर करतो काय

लाकूड पेटलेलं नीट पाहिलंत तर ज्योत लाकडाला चिकटलेली नसते, थोडी अंतर सोडून असते, कारण जळत असते ती लाकडातून निघालेली वाफ आणि गॅस. गॅसिफायरमध्ये हवा मुद्दाम कमी देतात, पूर्ण जळायला लागते त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. त्यामुळे थोडंसं इंधन जळतं, त्याच्या उष्णतेवर बाकीचं आधी वाळतं, मग भाजून त्याचा कोळसा होतो, आणि मग हजार अंशांच्या आसपास तापलेल्या त्या कोळशावरून वायू जाताना त्यांचं जळणाऱ्या गॅसमध्ये रूपांतर होतं. याला प्रोड्युसर गॅस म्हणतात. पुढे मी नुसतं ‘गॅस’ म्हणेन.

या गॅसमध्ये जवळपास निम्मा नायट्रोजन असतो जो काही कामाचा नाही, १८ ते २२ टक्के कार्बन मोनॉक्साइड, १५ ते २० टक्के हायड्रोजन, थोडा मिथेन आणि बाकी कार्बन डायऑक्साइड. एका घनमीटरमध्ये ऊर्जा ४ ते ६ मेगाज्यूल. घरी पाइपने येणाऱ्या गॅसमध्ये ती ३५ च्या आसपास असते. हा फरक लक्षात ठेवा, कारण तेवढ्याच कामासाठी हा गॅस सहा-आठ पट जास्त लागतो, म्हणजे सहा-आठ पट जास्त गॅस साफ करावा लागतो.

हे तंत्र नवीन अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात लाखो गाड्या यावर चालल्या आणि आपल्याकडेही कोळशाच्या गॅसवरच्या बस होत्या, मागे किंवा बाजूला उभी टाकी लावलेल्या. त्यात लाकडी कोळसा वापरायचं एक पक्कं कारण होतं, कोळसा आधीच भाजून झालेला असल्याने त्यातून टार फार येत नाही. टार काय ते सांगतो, पण आधी कण.

## कण म्हणजे नेमकं काय काय

‘धूळ’ म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते, इथे मात्र निदान चार वेगळ्या गोष्टी एकत्र उडत असतात आणि चौघींची वागणूक वेगळी.

पहिली राख, म्हणजे लाकडात किंवा तुसात मुळातच असलेली खनिजं: सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम. दुसरी कोळशाची भुकटी, आतल्या कोळशाचे तुकडे एकमेकांवर घासून किंवा जळून बारीक झाले की गॅसबरोबर वाहत येतात. तिसरी काजळी, ही इंधनातून सरळ येत नाही, जड वायू फार तापले की तुटतात आणि त्यातला कार्बन अतिशय बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतो. आणि चौथी फार कमी लोकांना माहीत असते, ती म्हणजे क्षार. पाचटात, पेंढ्यात पोटॅशियम आणि क्लोरीन बऱ्यापैकी असतं, आतल्या उष्णतेत त्यांची चक्क वाफ होते, म्हणजे त्या क्षणी ते कण नसतातच, वायू असतात, आणि पुढे पाइपात गॅस गार झाला की ते गोठून एका मायक्रॉनपेक्षाही बारीक कण होतात.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भट्टीतून निघालेल्या गॅसमध्ये शंभर मायक्रॉनच्या कोळशाच्या कणापासून एका मायक्रॉनच्या खूप खालच्या काजळीपर्यंत सगळं असतं. जाड कण दिसतात, पकडायला सोपे आणि पाइपात खालीही बसतात. त्रास देतात ते बारीक, आणि बातम्यांमध्ये पीएम २.५ म्हणतात ते हेच, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, फुफ्फुसात खोलवर जाणारे.

## आणि मग त्यात टार येतो

टार म्हणजे लाकूड भाजताना निघणारी जड, तेलकट वाफ. भट्टीतून बाहेर पडताना ती वायूच असते, पण तापमान साधारण तीनशे अंशांच्या खाली यायला लागलं की थेंब धरायला लागते, आणि हे थेंब बसायला जागा शोधतात ती म्हणजे धुळीचे कण. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन वर्षभराने खाली काढला की पात्यांवर जो थर असतो ना, फोडणीची तेलकट वाफ आणि धूळ मिळून झालेला, जो नुसत्या फडक्याने निघत नाही आणि नुसती धूळ असती तर झटकून निघाला असता, तोच प्रकार इथे, फक्त रोज आणि शेकडो घनमीटर गॅसमधून.

साफसफाई नीट नसलेल्या इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे गॅस इंजिनात शिरतो तो पाइप, उघडला तर आत काळा, चकचकीत, वार्निश मारल्यासारखा थर दिसतो, नखाने खरवडला तर वरचा भाग पापुद्र्यासारखा निघतो आणि खालचा चिकटच राहतो, आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर हाच थर बसला की इंजिन गार झाल्यावर व्हॉल्व्ह जागच्या जागी धरतो, सकाळी स्टार्ट करायला जाल तर फिरतच नाही. म्हणून कण आणि टार हे दोन वेगळे प्रश्न समजून सोडवता येत नाहीत. नुसती धूळ असती तर हे काम निम्म्याने सोपं झालं असतं.

## आकडे किती मोठे असतात

इंजिनाला चालेल असा गॅस म्हणजे घनमीटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी कण आणि १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टार, ही सर्वसाधारण मान्य मर्यादा आहे, आणि कण १० मायक्रॉनपेक्षा मोठे नकोत. भट्टीतून कच्चा गॅस निघतो तेव्हा चांगल्या, छोट्या गॅसिफायरमध्येही कण काहीशे मिलिग्रॅम ते काही हजार असतात.

हिशोब करून बघा. २० किलोवॉटचं इंजिन तासाला साधारण ५० घनमीटर गॅस घेतं. गॅसमध्ये घनमीटरला १,००० मिलिग्रॅम म्हणजे १ ग्रॅम धूळ असेल तर तासाला ५० ग्रॅम, दहा तास चालवलं तर अर्धा किलो. अर्धा किलो राख-कोळसा रोज इंजिनात घालायचा! तोच गॅस ५० मिलिग्रॅमपर्यंत साफ केला तर दिवसाला २५ ग्रॅम, आणि हेही शून्य नाही हं, त्यामुळे साफ गॅसवरच्या इंजिनाचंही तेल डिझेल इंजिनापेक्षा लवकर बदलावं लागतं.

इथे काही लोक गोंधळतात. हवेच्या बातम्यांमध्ये पीएम २.५ ची भारतातली २४ तासांची मर्यादा ६० असते आणि इथे ५०, म्हणजे जवळपास सारखंच की! नाही. ते ६० मायक्रोग्रॅम आहेत, हे ५० मिलिग्रॅम, म्हणजे ५०,००० मायक्रोग्रॅम. हा पाइपातला गॅस आहे, नाकाजवळची हवा नाही, दोन्हींची तुलना करायचीच नाही.

## कुठला गॅसिफायर यावर बरंच ठरतं

गॅस खालून काढतात की वरून, यावर सगळं चित्र पालटतं. डाउनड्राफ्ट प्रकारात इंधन वरून खाली येतं आणि गॅसही खालीच ओढला जातो, त्यामुळे टारला सगळ्यात तापलेल्या भागातून जावं लागतं आणि तो बराचसा तुटतो, घनमीटरला ग्रॅम-दोन ग्रॅमच्या आसपास उरतो, कधी त्याहून कमी. पण गॅस राख-कोळशाच्या थरातून बाहेर पडतो म्हणून धूळ घेऊन येतो. अपड्राफ्टमध्ये उलटं, गॅस वर जाताना वरच्या कच्च्या इंधनाच्या थरातून गाळला जातो, गारही होतो, म्हणून धूळ कमी, पण टार बेसुमार, घनमीटरला १० ते १०० ग्रॅम. तिसरा फ्लुइडाइज्ड बेड, म्हणजे तापलेली वाळू हवेच्या झोताने उकळल्यासारखी घुसळत ठेवायची आणि त्यात इंधन सोडायचं, मोठ्या प्लांटला बरा पडतो पण त्या घुसळण्यात धूळ सगळ्यात जास्त.

धूळही कमी आणि टारही कमी असं एकाच साध्या भट्टीत फुकट मिळत नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर त्याला मोजमापाचा कागद मागावा. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाने २००२ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘व्हायकिंग’ गॅसिफायरमध्ये भाजण्याची आणि गॅस करण्याची खोली वेगळी करून मध्ये टार जाळून टाकला, टार घनमीटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली आला, उरली ती कोरडी काजळी, आणि कोरडी काजळी साध्या कापडी फिल्टरवर छान अडकते. म्हणजे होतं, पण मशीन तेवढं गुंतागुंतीचं होतं.

## इंधन कुठलंही चालतं?

विक्रेत्याचं आवडतं वाक्य आहे हे. चांगल्या लाकडात राख एक टक्क्याच्या आसपास, नारळाच्या करवंटीतही तेवढीच. पाचटात, पऱ्हाटीत ती काही टक्क्यांवर जाते आणि भाताच्या तुसात थेट २० टक्क्यांच्या आसपास, आणि त्या राखेतही ८५ ते ९५ टक्के सिलिका.

याचा परिणाम बघा. समजा भट्टीत तयार झालेल्या राखेपैकी फक्त एक टक्का गॅसबरोबर उडाली. एक किलो लाकडातून १० ग्रॅम राख, त्यातली ०.१ ग्रॅम उडाली, आणि एक किलोतून दोन घनमीटरच्या वर थोडा गॅस मिळतो, म्हणजे घनमीटरला ५० मिलिग्रॅमच्या आत. एक किलो तुसातून २०० ग्रॅम राख, २ ग्रॅम उडाली, घनमीटरला जवळजवळ १,००० मिलिग्रॅम. भट्टी तीच, काळजी तेवढीच, धूळ वीस पट. वर सिलिका कडक, सिलिंडर आणि रिंगा घासून काढते, आणि फार तापली तर तिचा काही भाग स्फटिकरूप होतो जो श्वासातून गेला तर फुफ्फुसाला घातक. तुसाची राख कोरडी उपसणाऱ्या माणसाला मास्क नसेल तर गॅस कितीही साफ असो, तो प्लांट स्वच्छ म्हणायचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

ओलावाही तसाच. इंधनात २० टक्क्यांच्या वर पाणी असेल तर आतलं तापमान पडतं, टार तुटत नाही, आणि मग जी धूळ फिल्टरवरून झटकून निघत होती ती चिकटायला लागते. कोकणात जून ते सप्टेंबर लाकूड वाळवायची सोय नसेल तर उन्हाळ्यात मोजलेले आकडे पावसाळ्यात लागू होत नाहीत. आणि काजूची टरफलं थेट घालायचा विचार असेल तर जपून, त्यात अंगावर पडलं तर भाजणारं तेल असतं, ते काढलेलं नसेल तर टारचा बंदोबस्त करणं अवघड जातं.

## साफ कसा करतात

पहिला सायक्लोन. भातगिरणीत, लाकडाच्या कारखान्यात पत्र्याचा उलटा शंकू दिसतो तोच. गॅस बाजूने शिरून गोल फिरतो, जड कण भिंतीला आपटून खाली पडतात. स्वस्त, हलता भाग नाही, गरम गॅसला चालतो. पण १० मायक्रॉनच्या वरचे बहुतेक पकडतो, ५ च्या खाली ढिला पडतो आणि एका मायक्रॉनच्या खाली जवळजवळ काही नाही. नुसता सायक्लोन लावून ‘फिल्टर आहे’ म्हणणारे भरपूर आहेत.

मग कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर, हा बारीक काजळीसुद्धा धरतो, पण त्याला तापमानाची एक अरुंद पट्टी सांभाळावी लागते. गॅस फार गरम आला तर कापड जातं, उत्तम प्रतीचं कापडही साधारण २५० अंशांपर्यंतच, आणि पेटता कोळशाचा एक कण आला तर भोक. गॅस फार गार झाला तर टार आणि पाणी कापडावर बसतं, पिशवी मेणकापडासारखी होते आणि दाब वाढत वाढत गॅस यायचाच बंद. ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग गावात २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या प्लांटमध्ये हे फार हुशारीने केलं होतं, पिशव्यांवर आधी कोरड्या पावडरचा थर द्यायचा म्हणजे टार कापडाऐवजी पावडरीवर बसतो, अडकलेली धूळ परत भट्टीत जाळायची, आणि पुढे गॅस पाण्याऐवजी बायोडिझेलने धुवायचा, कारण टार पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि वापरलेलं बायोडिझेलही शेवटी भट्टीतच.

गरम गॅस तसाच गाळायचा तर सिरॅमिकच्या नळ्या असतात, पण स्वीडनमधल्या वार्नामोच्या प्लांटमध्ये १९९० च्या दशकात त्या फुटायला लागल्या आणि शेवटी धातूच्या लावाव्या लागल्या.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो स्क्रबर, म्हणजे पाण्याचा फवारा, आणि त्यामागे भुशाचा किंवा वाळूचा फिल्टर. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने उघड्या तोंडाचा डाउनड्राफ्ट गॅसिफायर विकसित केला आणि १९८८ पासून तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळी गावात तो विजेसाठी चालवून दाखवला, त्या पद्धतीत वाळूचे फिल्टर होते. साधं, गावात दुरुस्त होणारं. फक्त वाळू वेळेवर धुवावी लागते, आणि हे वाक्य लिहायला दोन सेकंद लागतात पण दर आठवड्याला करणारा माणूस मिळायला काय लागतं ते ज्यांनी प्लांट चालवलाय त्यांना विचारा.

## ‘पाण्याने धुतला की झालं ना?’

गॅस धुतला जातो आणि पाणी घाण होतं, एवढंच झालं. त्या पाण्यात राख, काजळी, फिनॉल आणि टारमधले कर्करोगाला कारण ठरणारे काही पदार्थ उतरतात, वास तर दुरूनही येतो. हे पाणी ओढ्यात सोडलं तर हवेतला त्रास विहिरीत नेला. गुजरातमधल्या मोरबी-वांकानेरचं उदाहरण समोर आहे, आपल्या घरातल्या बऱ्याच टाइल्स तिथल्या. तिथे दगडी कोळशावरचे गॅसिफायर होते, बायोमासचे नव्हे, पण गॅसचा आणि टारचा प्रकार त्याच जातीचा, आणि राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ते बंद करायला लावले. त्यामुळे स्क्रबर दाखवला की लगेच विचारा, पाणी फिरवून परत वापरता का, गाळ कुठे जातो, आणि शेवटी ते पाणी कुठे जातं.

## ‘आम्हाला जाळायचाच आहे, इंजिन नाही, मग साफ कशाला?’

हा आक्षेप बराचसा बरोबर आहे आणि म्हणूनच नीट समजून घ्यायला हवा. गॅस गरम असतानाच थेट बर्नरला नेला तर टार गोठायच्या आत जळून जातो, कोळशाची भुकटी आणि काजळीही पुरेशी हवा आणि तापमान असेल तर बरीचशी जळते. भट्टी, बॉयलर, वाळवणं यासाठी हा सरळ रस्ता आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, १९९० च्या दशकात उसाचं पाचट आणि बगॅस, म्हणजे रस काढून उरलेली चिपाडं, यासाठी गॅसिफायर बनवला तो अशाच तापवण्याच्या कामासाठी. पाचट इतकं हलकं आणि पसरट की ते भट्टीत सारखं सरकत राहील हेच मोठं काम, ते त्यांनी केलं, आणि इंधनाच्या वजनाच्या जवळपास पाव भाग कोळसा म्हणून वेगळा मिळायचा, म्हणजे तेवढा गॅसबरोबर उडायचा राहिला.

पण कोळशाचा कण जळतो, राखेचा कण जळत नाही. क्षार तर नाहीच. ते धुराड्यातून तसेच बाहेर जाणार, फक्त धूर काळा न दिसता फिकट दिसतो म्हणून लोकांना वाटतं काहीच नाही. आणि बेकरीत किंवा फरसाणाच्या कढईखाली पदार्थाच्या जवळ ज्वाळा असेल तर ती राख पदार्थावरही बसते. म्हणून जाळायचं असलं तरी निदान चांगला सायक्लोन हवा, आणि इंधन जास्त राखेचं असेल तर त्यापुढेही काहीतरी. लाकडाच्या भट्टीपेक्षा हे बरं असेल हे मी मान्य करतो, पण किती बरं ते मोजून सांगायला हवं.

## मोजण्यातच सगळी मेख

वरचे सगळे आकडे ‘नॉर्मल’ घनमीटरचे आहेत, म्हणजे गॅस शून्य अंश तापमानाला आणि नेहमीच्या दाबाला आणून मोजलेला धरायचा. का? कारण ४०० अंशांचा गॅस जवळजवळ अडीच पट फुगलेला असतो. त्यात खरे ५०० मिलिग्रॅम असतील तर फुगलेल्या गॅसचा हिशोब धरून कुणीही २०० लिहू शकतो, आणि खोटं बोलला असंही म्हणता येणार नाही. दुसरं, आकडा गॅसचा की जाळल्यानंतरच्या धुराचा? एक घनमीटर गॅस जाळायला सव्वा घनमीटरच्या आसपास हवा लागते, म्हणजे जळल्यावर आकारमान दुपटीच्या आसपास, काहीही साफ न करता आकडा निम्मा. जास्तीची हवा सोडली तर आणखी कमी. म्हणून धुराड्यातला आकडा दिला की त्यात ऑक्सिजन किती टक्के धरलाय हे लिहिलेलं असायलाच हवं.

नमुना घेणंही नाजूक काम आहे. पाइपात एक बारीक नळी गॅसच्या दिशेला तोंड करून घालतात, आणि ती ज्या वेगाने गॅस ओढते तो वेग पाइपातल्या वेगाइतकाच हवा. कमी वेगाने ओढलं तर गॅस बाजूने वळून जातो पण जड कण आपल्या वेगात सरळ नळीत घुसतात, आकडा फुगतो. जास्त वेगाने ओढलं तर उलटं. नळी आणि फिल्टर गरम ठेवावे लागतात, तीनशे अंशांच्या वर, नाहीतर टार तिथेच गोठून धुळीच्या वजनात मोजला जातो. मग तो फिल्टर, जो आधी वाळवून वजन केलेला असतो, तो काढायचा, रसायनात उकळून त्यातला टार धुवून काढायचा, परत वाळवायचा, परत वजन, आणि दोन वजनांतला काही मिलिग्रॅमचा फरक म्हणजे तुमची धूळ. टारसाठी पुढे थंड बाटल्यांची रांग, आत आयसोप्रोपिल अल्कोहोल. युरोपात २००६ पासून याची ठरलेली पद्धत आहे. त्यामुळे कुणी पाइपाच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरून ‘बघा, काळा झाला नाही’ म्हणाला तर त्याने ढोबळ अंदाज येईल, मोजमाप होत नाही.

आणि मोजमाप बहुतेक वेळा प्लांट सुरळीत चालू असताना करतात. सुरू करतानाची पहिली वीस-तीस मिनिटं आणि बंद करतानाचा काळ त्यात येत नाही, आणि सगळ्यात घाण गॅस तेव्हाच येतो, पिवळट दाट धूर, जो इंजिनात न सोडता बाहेर जाळून टाकायचा असतो. दिवसातून दोनदा बंद-चालू करणाऱ्या बेकरीला हा भाग मोठा आहे, चोवीस तास चालणाऱ्या कारखान्याला छोटा.

## ‘उघड्यावर जाळण्यापेक्षा तर बरंच ना?’

एक किलो पाचट किंवा पेंढा उघड्यावर जाळला तर काही ग्रॅम बारीक कण हवेत जातात. त्याच किलोचा गॅस करून ५० मिलिग्रॅमपर्यंत साफ केला तर दोन-सव्वादोन घनमीटर गॅसमध्ये सगळे मिळून ०.१ ग्रॅमच्या आसपास उरतात, आणि त्यातलेही काही जळतात. म्हणजे फरक प्रचंड आहे, वीस-तीस पट सहज, आणि यासाठीच मला हे तंत्रज्ञान टिकायला हवंय.

पण तोच गॅस साफ न करता, घनमीटरला १,००० मिलिग्रॅम असताना वापरला तर किलोमागे दोन ग्रॅमच्या वर. म्हणजे आकडा उघड्यावर जाळण्याच्या आसपास जाऊन बसला. त्यातले कण जास्त जाड असतात, काही जळतात, म्हणून अगदी बरोबरी नाही करता येणार, तरीही वीस पटीचा फायदा भट्टीने दिलेला नाही, साफसफाईने दिलाय. खर्च कापायची वेळ आली की आधी हात लावला जातो तो याच भागाला.

## ‘मग हे आपल्याकडे चालतं का?’

चालतं, पण माणसाच्या जिवावर. बिहारमध्ये पश्चिम चंपारणातल्या तमकुहा गावात २००७ मध्ये हस्क पॉवर या कंपनीने तुसाच्या गॅसवर वीज देऊन दाखवली, जिथे लाइनच पोचली नव्हती तिथे, आणि तूस हे सगळ्यात राखाळ इंधन आहे हे आता तुम्हाला माहीतच आहे. पुढे त्यांनी सोलरची जोड घेतली. रोज राख काढणं, फिल्टर बघणं हे काम सोलर पॅनेलला नसतं.

एक धोका कणांपेक्षा वेगळा पण इथे सांगायलाच हवा. फिल्टर बुजला की दाब वाढतो, आणि जिथे जोड ढिला असेल तिथून गॅस शेडमध्ये येतो, त्यात पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही, वास नाही. फिल्टर बदलताना पुरेशी हवा खेळती न ठेवता आत जाणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ही चैन नाही, तो पहिल्या दिवसापासून भिंतीवर हवा, आणि फिल्टरच्या आधी आणि नंतर दाब दाखवणारा साधा पाण्याचा मॅनोमीटर, काचेच्या नळीतला, तोही. त्या दोन दाबांमधला फरक रोज वहीत लिहिला तर फिल्टर कधी बुजणार हे चार दिवस आधी कळतं.

बुजलेल्या फिल्टरचं पुढे काय करायचं, हेही मशीन घेण्याआधीच ठरवा. भुशाचा फिल्टर असेल तर काळा झालेला भुसा उन्हात वाळवून, मोठ्या तुकड्यांच्या इंधनात थोडा थोडा मिसळून परत त्याच भट्टीत घालता येतो, टारसकट जळतो. कापडी पिशव्यांना आणि स्क्रबरच्या पाण्याला ती सोय नाही. म्हणून कोटेशन मागताना पिशव्या बदलायचा, पाणी शुद्ध करायचा आणि गाळाची विल्हेवाट लावायचा वर्षाचा खर्च वेगळ्या ओळीत लिहून घ्या, आणि ज्याच्या कोटेशनमध्ये ती ओळच नाही त्याला आधी चालू असलेला त्याचा एखादा दोन वर्षं जुना प्लांट दाखवायला सांगा, तिथल्या ऑपरेटरशी मालक जवळ नसताना बोला.